धोंड्याच्या महिन्यातला साक्षीदार

तो पिक्चर टॉकीजला कधी लागलाच नाही. थेट मोबाईलवर आला. कुठल्या तरी परदेशी पिक्चरचा दुसरा भाग, वरून हिंदीत आवाज भरलेला. पहिला भाग आमच्यात कुणी बघितला नव्हता, ज्यांच्या मोबाईलवर तो होता त्या हवालदारांनीसुद्धा नाही. एका साक्षीदार बाईला गुंडांपासून वाचवत कोर्टापर्यंत न्यायचं, एवढीच गोष्ट. हीरो टकला, बाई गोरीपान, गुंडांच्या गाड्या काळ्या. घडीघडीला काहीतरी पेटायचं. इतका फालतू पिक्चर मी जन्मात बघितला नाही, आणि इतक्या वेळा दुसरा कुठला बघितलाही नाही.

त्याला कारण माझे दाजी. थोरल्या बहिणीचा नवरा. येरमाळ्याला हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, हवेची टाकी, पाण्याचं घमेलं आणि बाहेर टायरांचा ढीग. त्या दुकानापुढं एका पोराचा खून झाला आणि तो दाजींनी बघितला.

शेजारच्या ढाब्यावर कामाला होतं ते पोरगं. तामलवाडीचं. नुकतं मिसरूड फुटलेलं, तोंडाळ, पण कामाला वाघ. दाजींना मामा म्हणायचं, आणि ढाब्यावर गिऱ्हाईक नसलं की इकडं येऊन ट्यूब घासू लागायचं. एका संध्याकाळी एक नवीकोरी गाडी हवा भरायला थांबली. पोरगं बॉनेटला टेकून उभं राहिलं. गाडीवाल्यानं हटकलं, पोरानं उलटं उत्तर दिलं. बस, एवढंच. एवढ्यावरून त्या माणसानं दाजींच्याच दुकानातली टामी उचलली. टामी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पहार. दाजी हातातला पाइप टाकून धावले तोवर पोरगं खाली पडलं होतं.

मारणारा बड्या घरचा, त्याला सगळा हायवे ओळखत होता. ढाब्याचा मालक म्हणाला, मी आत भट्टीपाशी होतो. गिऱ्हाइकं म्हणाली, आमची पाठ होती. दाजी म्हणाले, मी बघितलं. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हाही तेच म्हणाले. आता तेच कोर्टात उभं राहून म्हणायचं राहिलं होतं. सरकारी वकिलांनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं, तुमचा माणूस बोलला तर केस उभी, नाही तर आडवी. मारणारा तोवर जामिनावर सुटून त्याच गाडीतून फिरायलाही लागला होता.

मी तेव्हा तेरला आई-अण्णांकडं राहायची. सकाळच्या बसनं धाराशिवला एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या कामाला जायची, संध्याकाळी परत. सुट्टी पडली की ताईकडं येरमाळ्याला. अशाच एका सुट्टीच्या दिवशी त्या पोराची आई दुकानावर आली. तिच्या गावातल्या बुद्धविहारात पोराच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन झालं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी, एकटीच. नवरा कधीच गेलेला, पोटचं तेवढं एकच होतं. टायरांच्या ढिगावर बसली. ताईनं चहा दिला तो हातात धरून तिनं दाजींना विचारलं, "तुमी सांगणार नव्हं?"

"सांगणार, आक्का," दाजी म्हणाले. "ह्या डोळ्यांनी बघितलंय. कुणाच्या बापाला भीत न्हाय."

कुणाच्या बापाला भीत नाही हे दाजींचं नेहमीचं होतं. उंचीला बेताचे, अंगानं काटकुळे, पण बोलायला फटकळ. मला ते आवडायचं, कारण मीही तशीच. आमचं मेहुणी-दाजीचं नातं म्हणजे दिवसभर एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या. पण त्या दिवशी मला त्यांचा खरोखर अभिमान वाटला. सगळा हायवे मूग गिळून बसलेला, आणि हा एक पंक्चरवाला बोलतोय.

मग फोन यायला लागले. एक जण म्हणाला, तुझ्यात किती हवा हाय ते बघायचंय. दाजींनी ठाण्यात जाऊन सांगितलं, वकिलांनीही वर कळवलं, आणि एके दिवशी बंदूकधारी हवालदार दुकानावर हजर झाले. म्हणाले, आजपासून मी तुमच्यासंगं. प्लास्टिकच्या खुर्चीवर सावली धरून बसायचे, बंदूक दोन गुडघ्यांत, मोबाईल हातात. भला माणूस. साखर होती त्यांना, ताईच्या हातचा बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि वहिनी, अमृत आहे म्हणायचे.

"काय बघलालाव एवढं?" दाजींनी एकदा विचारलं.

"तुमचाच पिक्चर हाय, या."

असा तो पिक्चर आमच्या घरात शिरला. दाजींनी बघितला, मग ताईनं, मग मी. मग गिऱ्हाईक नसलं की सगळेच त्या एवढ्याशा काचेत डोकी घालून. मी दाजींना गोरी बाई म्हणायला लागले. "काय गोऱ्या बाई, आज चहा मिळंल का?" दाजी म्हणायचे, "माझा हीरो कुठाय पण, मेहुणीबाई?" मी हवालदारांच्या पोटाकडं बोट दाखवायची आणि ते बिचारे पट्टा सावरून हसायचे. आम्ही हसत होतो, कारण भीती वाटत होती. ताई तर हसता हसता मध्येच उठून आत जायची.

पण खोटं कशाला बोलू, त्या फालतू पिक्चरवरून आम्ही शिकतही होतो. हीरो त्या बाईचा मोबाईल नदीत फेकतो. तिला जंगलातल्या एका लाकडी घरात नेऊन ठेवतो. कुणावर भरोसा ठेवू नकोस म्हणतो. ताईनं हे सगळं मनात साठवून ठेवलं होतं. कोर्टाची तारीख जवळ आली आणि नेमकं तेव्हाच हवालदारांना वरून फोन आला. कुठला तरी मोठा दौरा होता, बंदोबस्ताला माणूस कमी पडत होता. जाताना त्यांचा जीव खालीवर झाला. म्हणाले, "तारखेला येतोच मी. तवर जपून ऱ्हावा."

त्यांची पाठ वळली आणि ताईनं मला बाजूला घेतलं. "ह्यांना तेरला ने. तारखेपातूर तिथंच ठिव. कुणाला कानोकान खबर लागू द्यायची न्हाय."

मला ते लगेच पटलं. आम्ही अगदी पिक्चरसारखं केलं. दाजींच्या मोबाईलमधलं सिमकार्ड काढून ताईनं साखरेच्या डब्यात टाकलं. दाजींनी तोंडाला उपरणं गुंडाळलं. त्यांना माझ्या स्कूटीवर मागं बसवून मी आतल्या रस्त्यानं निघाले. मागून गाडी आली की दाजी मान खाली घालायचे आणि मी आरशात बघायची. आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं. कर्म माझं!

तेरला पोचलो. आईनं दार उघडलं, जावयाला बघितलं आणि पहिला शब्द तिच्या तोंडून काय निघावा? "अगं बया, धोंड्याचा महिना!"

मोबाईल, रस्ता, उपरणं, सगळ्याचा विचार मी केला होता, पंचांगाचा नाही. दर तीन वर्षांनी येणारा तो अधिक महिना. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. सासुरवाडीनं त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, कपडे करायचे. आणि इथं तर जावई न बोलवता स्वतःच्या पायानं दारात उभा! आईला मी सगळं समजावून सांगितलं. जिवाला धोका आहे, लपवायला आणलंय, चकार शब्द काढायचा नाही. ती म्हणाली, "व्हय की गं, कळतंय मला. येडी हाय का मी?" आणि तशीच उठून हरभऱ्याची डाळ शिजत घातली.

डाळ शिजायला लागली की पुरणाचा वास गल्लीत जातो, त्याला उपरणं गुंडाळता येत नाही. घरात तूप थोडं होतं, म्हणून आईनं शेजारणीकडून मागून आणलं. ती म्हणाली, एवढं तूप कशाला? आई म्हणाली, कुणाला सांगू नगंस, जावई आल्यात. दुपारपर्यंत गल्लीतल्या बाया पदर सावरत यायला लागल्या. आमच्याकडं एका घरचा जावई तो सगळ्या गल्लीचा जावई, आणि धोंड्याच्या महिन्यात आलेल्या जावयाला शेजारानं एक वेळ जेवायला न बोलावणं म्हणजे काहीतरी भांडण आहे असं लोक समजतात. सकाळी एकीकडं, दुपारी दुसरीकडं. जो माणूस लपवायला आणला त्याला गल्लीनं वाटून घेतला.

मी आईवर ओरडले, "हा साक्षीदार हाय का सत्यनारायणाचा प्रसाद?"

"मग काय करू? दारात आलेल्या बायांना हाकलू? उलट संशय येईल लोकांला."

दाजी मधल्या मध्ये. नाही म्हणायचीही चोरी आणि खायचीही. मला म्हणाले, "मेहुणीबाई, गुंड मारायच्या आधी तुमचं गावच मारतंय मला." मी हसले नाही. मी माडीवर जाऊन रस्त्याकडं बघत बसायची. काळी गाडी दिसते का, अनोळखी माणूस दिसतो का. काहीच दिसायचं नाही. एस.टी. यायची, जायची, शेळ्या परतायच्या. मला वाटलं, निभलं. तारखेपर्यंत निभतंय.

मग काकू आल्या.

काकू आमच्याच ओळीत राहायच्या. लहानपणी आई बरेच दिवस आजारी होती तेव्हा माझी वेणी घालून मला शाळेत धाडणाऱ्या ह्याच. मोठ्यानं बोलणं ठाऊक नाही, कुणाची उणीदुणी ठाऊक नाहीत. हातात कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, आईला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी जावईबापू आमच्याकडं. नाही म्हणू नगा."

"येतेल की, न यायला काय झालं!" आई म्हणाली. तोंडपाठच होतं ते तिचं.

काकू गेल्या. मी तांदूळ निवडत होते आणि माझा हात सुपातच थांबला. एकदम आठवलं. काकूंचं माहेर. तेच गाव. तेच घर. ज्यानं टामी उचलली तो काकूंच्या सख्ख्या भावाचा मुलगा.

आम्हाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण बाई नांदायला आली, तिची पोरंबाळं झाली, केस पिकले, की आपण तिचं माहेर विसरून जातो. ती आपलीच, आपल्या गल्लीची, असं धरून चालतो. तिच्या मागं आणखी एक घर आहे, एक भाऊ आहे, हे आपल्या हिशेबातच राहत नाही. ती मात्र विसरत नाही, आणि का विसरावं? काळ्या गाड्यांसाठी मी माडीवर पहारा देत होते आणि कुंकवाचा करंडा पुढच्या दारानं आत आला होता.

आईला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावरचं कुंकू बोटानं चाचपलं. "अगं आई गं. माझ्या ध्यानातच न्हाय आलं."

"नाही म्हणून सांग आत्ताच्या आत्ता," मी म्हणाले.

अण्णा एरवी मध्ये पडत नाहीत. ते म्हणाले, "आता न्हाय म्हणता येत न्हाय. कुंकू लावून गेली बाई."

"मग काय मरायला पाठवायचं?"

"आवाज खाली कर. मरायला कोण म्हणतंय? जेवायला बोलावलंय."

दाजी ओसरीत बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "जातो. इख थोडंच घालणार हाय ती." मी म्हणाले, मग मी पण येणार. मेहुणीला कोण अडवतं?

दुसऱ्या दिवशी गेलो. पिक्चरमध्ये अशा वेळी मागं संगीत वाजतं. इथं काकूंच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या आणि काका दारात उभं राहून या या म्हणत होते. आत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, समई लावलेली. काकूंचा भाऊ नाही, भाचा नाही, परकं कुणीच नाही. नुसते ते दोघं नवरा-बायको.

काकूंनी दाजींना पाटावर बसवलं आणि पितळी परात पुढं ओढली. जावयाचे पाय धुवायचे असतातच. पण एरवी बाया काय करतात, पळीभर पाणी घालतात, कुंकवाचं बोट लावतात, झालं. काकूंनी दाजींचा पाय हातात घेतला. पंक्चरवाल्याचा पाय. टाचेच्या भेगांत वर्षानुवर्षांचं काळं ऑइल बसलेलं. दाजी पाय मागं घ्यायला लागले. काकूंनी सोडला नाही. साबण घेतला, नारळाची शेंडी घेतली आणि एकेक भेग घासायला लागल्या. परातीतलं पाणी काळं झालं. काका खाली बघत होते. दोन्ही पाय झाले, पदरानं पुसले, आणि पाय हातात तसेच धरून काकू म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या भावाला एकच हाय. चुकलं त्याचं. लई चुकलं. पण एकच हाय."

मला राहवलं नाही. माझं तोंड कुठं माझ्या ताब्यात असतं? मी म्हणाले, "काकू, तामलवाडीच्या बाईलाही एकच होतं."

मला वाटलं होतं चिडतील, नाही तर रडतील, म्हणजे मला दाजींना उठवून नेता येईल. काकूंनी वर बघितलं. "व्हय गं बाई," त्या म्हणाल्या. "तिलाबी एकच व्हता. म्हून तर झोप लागत न्हाय मला." आणि त्या उठून धोंडे वाढायला आत गेल्या.

ताट समोर आलं. तूप पुरणावरून ओघळून ताटभर झालं होतं. मी दाजींकडं बघत होते. उठा, मनात म्हणत होते, उठा, ताट सरकवा. भरल्या ताटावरून उठलेला माणूस आमच्याकडं लोक जन्मभर विसरत नाहीत, म्हणूनच उठा. दाजींनी चित्राहुती घातली आणि खाली मान घालून खाल्लं. सगळं खाल्लं. काकूंनी कपडे केले, टॉवेल-टोपी दिली, ती घेतली. निघताना वाकून नमस्कार केला आणि काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

आमच्या घराच्या दारात मी त्यांना गाठलं. "खाल्लं कशाला तुम्ही?"

"मग काय ताट उधळू? आईसारखी हाय ती."

"तुम्हाला कळत नाही का तिनं काय मागितलं ते?"

"कळतंय की!" ते एकदम चढ्या आवाजात म्हणाले. मग आवाज खाली आला. "कुणी सुरा घेऊन आला असता तर म्या बघून घेतलं असतं. शिवी दिली तर शिवी देता येती. पाय धुतले माझे त्या बाईनं. तिला काय द्यायचं उलटं, सांग की."

मी पुढं नुसतं बजावत राहिले. त्या आईला शब्द दिलाय तुम्ही, टामी तुमच्या दुकानातली होती, तुम्ही नाही बोललात तर कोण बोलणार? ते हं, हं म्हणायचे. काकू कधी दिसल्या तर त्या नुसत्या हात जोडायच्या. पुन्हा त्यांनी शब्दानं काही मागितलं नाही. ताईला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचं त्यांना ठरवू दी. मला माझा माणूस घरी पायजे."

तारखेच्या दिवशी हवालदार शब्दाला जागून सकाळीच तेरला आले. जीपमधून आम्हाला धाराशिवला नेलं. ताई येरमाळ्याहून परस्पर आली. वाटेत हवालदार एका हातानं दाजींचा दंड धरून बसले होते, कोर्टाच्या आवारातही इकडंतिकडं बघत चालले. आपल्या ताब्यातला माणूस सुखरूप आणला, ह्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता. आत बंदूक नेता येत नव्हती. ते दाराबाहेर थांबले.

आत पोराची आई आधीच येऊन बसली होती. तेच पांढरं पातळ, तीच पिशवी मांडीवर. पलीकडच्या बाजूला काकू त्यांच्या भावाशेजारी. भाऊ थकलेला दिसत होता, हातातली टोपी सारखी उलगडत होता, दुमडत होता. मारणारा पांढऱ्या शर्टात, केस नीट विंचरलेले, लग्नाला आल्यासारखा. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

सरकारी वकिलांनी दाजींना विचारलं, त्या संध्याकाळी काय बघितलं.

दाजींनी कठड्यावर हात ठेवले. समोर बघितलं नाही. म्हणाले, "कडुसं पडलं व्हतं साहेब, अंधारून आलं व्हतं. म्या खाली बसून टायरला हवा भरत व्हतो. तोंड दिसलं न्हाय मला."

वकिलांनी पुन्हा विचारलं. पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवला. दाजी म्हणाले, "असं म्या बोललो न्हाय." आरोपीकडं बोट करून विचारलं, हाच का तो? "सांगता येत न्हाय." वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं. फितूर! हा शब्द मी शाळेच्या इतिहासात वाचला होता, किल्ल्याचा दरवाजा उघडणाऱ्या माणसांसाठी. तो माझ्या दाजींना लागला आणि मी तिथं बसून ऐकला. शरमेनं माझे कान तापले. शेजारी ताई रडत होती, आणि मला ठाऊक आहे, ती सुटल्यासारखी रडत होती. मला तिचाही राग आला. काकूंकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटलेले होते. त्यांना आनंद झालेला दिसला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

त्या दिवसाचा माझा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, गरीब माणूस, काय करणार तो, पाण्यात राहून माशाशी वैर करणार का? मला ते पटतं आणि तरी राग जात नाही.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. हवालदारांना काय झालं ते कळलं होतं. ते बंदूक खांद्याला अडकवून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात ती आई बाहेर आली आणि सरळ आमच्याकडंच चालत आली. ताई माझ्यामागं सरकली. मला वाटलं, आता ही तळतळाट देणार. खरं सांगते, द्यावा असंच मला वाटत होतं. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या, दाजींच्या तोंडात मारली असती, तर मला बरं वाटलं असतं.

ती दाजींपुढं उभी राहिली. आवाज अगदी साधा. "एक इचारायचं व्हतं. त्या दिशी दुकानावर आले तवा जीभ उचलली न्हाय माझी. म्हटलं, कोर्टात समदं सांगतेलच, तवाच ऐकावं." तिनं पिशवी दोन्ही हातांनी धरली. "शेवटाला काय बोललं का माझं लेकरू?"

बाजूनं माणसं जात होती. आरोपीचे लोक जिन्यापाशी उभे होते, काकूही तिथंच. दाजींना म्हणता आलं असतं की मला काय ठाऊक, मी कुठं बघितलं? आतापर्यंत तेच तर म्हणत होते ते.

"पाणी मागितलं," दाजी म्हणाले. "म्या पाजलं. मांडीवर डोकं घेतलं व्हतं." त्यांनी दोन्ही हात डोकं धरल्यासारखे पुढं केले. "मला म्हणला, मामा, आईला कळवू नगा. भिती ती."

"असं म्हणला?"

"व्हय, आक्का."

तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि तशीच उभी राहिली. मग पदर काढून म्हणाली, "पाणी पाजलंत ते लई बरं केलंत." पिशवी काखेत मारली आणि पायऱ्या उतरायला लागली.

दाजी तिच्यामागं धावले. "आक्का," म्हणाले, "आक्का, थांबा की." ती थांबली नाही. तिला तामलवाडीची बस धरायची होती.